हवा हलवणे आणि हवा बदलणे

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत वाशिमच्या घरी माळ्यावरून एक जुना संगणक खाली काढला. २००४ च्या उन्हाळ्यात अकोल्याहून सुटे भाग आणून जुळवलेला. भंगारात देण्याआधी सहज म्हणून बाजूचा पत्रा काढला. तसे 'काढला' म्हणणेही जादाच, कारण त्या पत्र्याचे स्क्रू कधीच हरवले होते. आत धुळीचा जाडजूड थर होता. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तर कापसाचे तंतू आणि माती मिळून नमद्यासारखे काहीतरी तयार झाले होते. पुढच्या बाजूची जाळी मात्र जवळजवळ स्वच्छ होती. ज्या वाटेने हवा आत यावी अशी त्या पेटीच्या कर्त्याची योजना होती, त्या वाटेने ती कधी आलीच नव्हती. ती आली बाजूने. आम्ही पत्रा काढून समोर टेबलफॅन लावून ठेवत होतो, त्या पंख्याबरोबर.

हे आम्ही एकट्यानेच केले असे नाही. त्या काळात वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठेही जा, उन्हाळ्यात उघड्या कुशीचे संगणक दिसत. उन्हाळ्यात हवेशी कसे वागायचे हे ज्या प्रदेशाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने या एका पेटीबाबत इतकी साधी चूक का करावी, हा प्रश्न त्या धुळीकडे पाहताना पडला, आणि मग तो मागे मागे जात राहिला.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लागतो तो याच नगरात. अशा गावाविषयी लिहायला बसावे आणि विषय निघावा पत्र्याच्या पेटीतल्या पंख्यांचा, हे काही वाचकांना खटकेल. पण साहित्यविद्येलाही वऱ्हाडातला मे महिना चुकला नसणार.

जुन्या घरांपासून सुरुवात करू. वऱ्हाडातली धाब्याची घरे, म्हणजे लाकडी सऱ्यांवर माती पसरून केलेली सपाट छपरे आणि हातभर जाडीच्या भिंती, दिवसा उष्णता पिऊन घेत आणि रात्री हळूहळू सोडत. माणसे म्हणूनच रात्री धाब्यावर निजत. कारंज्यासारख्या व्यापारी गावातल्या वाड्यांना चौक होता. चौकातली तापलेली हवा वर निघून जाई आणि तिची जागा घ्यायला ओसरीच्या सावलीतली, तळघराच्या तोंडाशी असलेली गार हवा सरकत येई. ज्याने वाडा बांधला त्या गवंड्याला उष्ण हवेची घनता कमी असते हे वाक्य माहीत नव्हते. वरची वाट उघडी ठेवली नाही तर खालून काही येत नाही, एवढे मात्र पक्के माहीत होते. धान्य उपणणाऱ्या कुणब्यालाही हे ज्ञान होतेच. वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाऊ शकेल अशाच जागी खळे करतात, आडोशाला करीत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी बासीम हा वेगळा जिल्हा केला. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या फेररचनेत तो मोडला आणि बासीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले. त्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर ओढायचा पंखा आला. छताला टांगलेली कापडी झालर, तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि बाहेर व्हरांड्यात बसून ती दोरी तासन्‌तास ओढणारा माणूस. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आडवे पडल्या पडल्या ओढायचीही रीत होती. त्या यंत्राचा मोठा गुण म्हणजे ते जवळजवळ नि:शब्द होते. आतल्या साहेबाला कागदांची सळसळ तेवढी ऐकू येई. सगळी दमछाक भिंतीच्या पलीकडे, उन्हात. एका जुन्या सरकारी इमारतीत असे भोक मी पाहिले आहे. आज त्यातून संगणकाच्या जाळ्याची निळी तार ओवलेली आहे, आणि ती कोणी मुद्दाम ओवली की सोय म्हणून, हे विचारायचे राहून गेले.

पण त्या पंख्याची एक मर्यादा होती आणि आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची आहे. तो हवा हलवी, बदलत नसे. खोलीतली तीच हवा अंगावरून पुन:पुन्हा फिरे. माणसाला एवढ्यानेही बरे वाटते, कारण माणसाला घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि बेचाळीस अंशांच्या हवेतही वाऱ्याखाली बसलेला माणूस 'गार वाटते' असे म्हणतो. हवा तसूभरही गार झालेली नसते.

हवा खरोखर गार करण्याची युक्ती वेगळी, आणि तीही इथलीच. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि त्यांवर पाणी शिंपडत राहायचे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. अडचण एवढीच की वारा पडला की ताटीही थांबते. त्यावर उपाय म्हणून १८३० च्या दशकापासून हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बंगल्यांतून एक यंत्र दिसू लागले. त्याला त्यांनी 'थर्मँटिडोट' असे भारदस्त, औषधाला शोभेल असे नाव दिले होते. प्रत्यक्षात ती होती खिडकीत बसवलेली एक मोठी लाकडी पेटी. पेटीच्या अंगाला ओल्या ताट्या, पोटात फिरणारी पाती, आणि ती फिरवायला बाहेर एक-दोन माणसे. उपणणीच्या यंत्राचेच भावंड. पाती फिरली की बाहेरची हवा ताटीतून गाळून, भिजून खोलीत ढकलली जाई. आत येण्याची ठरलेली वाट, गाळणी, पंखा आणि बाहेर जाण्याची वाट असे चारही घटक या पेटीत एकत्र आलेले दिसतात. आज संगणकाच्या पेटीत पंख्यांची मांडणी कशी करावी हे जो शिकवतो तो याच चार गोष्टी शिकवत असतो. गारवा देणारी पेटी आणि गारवा मागणारी पेटी यांची आतली रचना सारखी निघावी यात नवल नाही, कारण दोन्हीकडे हवा तीच आहे.

विदर्भात घरोघरी असलेला कूलर हा या थर्मँटिडोटचाच वंशज. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळा किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या, तळात पाणी, पाणी वर चढवणारा पंप आणि मोठा पंखा. पंखा ओढणाऱ्याची जागा विजेने घेतली. मेच्या कोरड्या बेचाळीस अंशांच्या हवेला चांगला कूलर तिशीच्या आत आणू शकतो. जूनच्या शेवटी हवेत दमटपणा आला की त्याचा इलाज संपतो. आणि कूलरबरोबर आमच्याकडचे लहान मूलही एक नियम शिकते : समोरचे दार किंवा खिडकी किलकिली ठेवायची. ती लावून घेतली तर खोलीत दमट कोंदटपणा साचतो, अंग चिकट होते आणि कूलर नुसता घरघरत राहतो. आत येणाऱ्या हवेला जाण्याची वाट हवी. आजी हे ओरडून सांगत असे. तिला त्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागली नाही.

आता संगणकाकडे. संगणक मुळात थंड दालनांतला प्राणी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक लहानशी शेगडीच. १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकाच्या अंगातून तर फ्रेऑन वायूच्या शीतकरणाच्या नळ्या फिरवलेल्या होत्या. अशी यंत्रे खोलीच्या हवामानाशी जुळवून घेत नसत, खोलीलाच त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागे. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक टेबलावर आला तेव्हा तो प्रथमच सामान्य खोलीच्या भरवशावर सोडला गेला. त्याचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा, आणि त्याच डब्यातला एकुलता एक पंखा साऱ्या पेटीतली हवा मागून बाहेर फेकत असे. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ॲपल-३ ला पंखा दिलाच नव्हता. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज नको होता. यंत्र तापून चिप आपल्या खोबणीतून सैल होत, आणि उपाय म्हणून संगणक दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटावा असे ग्राहकांना सुचवले गेल्याची कथा प्रसिद्ध आहे. जॉब्जची शांततेची हौस मुळात चुकीची नव्हती. व्हरांड्यात बसवायला माणूस नव्हता, एवढेच.

पुढची पंधरा-वीस वर्षे म्हणजे उष्णता वाढत जाण्याचा आणि हवेच्या वाटा चुकत-दुरुस्त करत जाण्याचा इतिहास आहे. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर स्वत:चा पंखा बसला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा पेटीचा आराखडा जाहीर केला. त्याच्या मूळ योजनेत वीजपुरवठ्याचा पंखा हवा बाहेर फेकण्याऐवजी आत, प्रोसेसरवर सोडणार होता. कागदावर हे काटकसरीचे वाटते. पण ती हवा वीजपुरवठ्याच्या डब्यातून आधीच तापून येई. स्वयंपाकघरातून येणाऱ्या वाऱ्यात पाहुण्याला बसवावे तसा हा प्रकार. पुढच्या आवृत्त्यांत पंख्याची दिशा उलटली. २००४ च्या प्रेस्कॉट पिढीच्या पेंटियम ४ ने तर एकट्या प्रोसेसरची उष्णता शंभर वॅटच्या पुढे नेली. पुढून थेट मागे सरळ हवा नेणारा बीटीएक्स हा नवा आराखडा इंटेलने त्याच सुमारास पुढे केला आणि २००६ मध्ये सोडूनही दिला, कारण तोवर कमी तापणारे प्रोसेसर आले होते. याच काळात बाजारात पेटीच्या कुशीवर प्लॅस्टिकचे नरसाळे बसवलेली मॉडेले आली. बाहेरची हवा नरसाळ्यातून थेट प्रोसेसरच्या पंख्यावर उतरावी, ही कल्पना.

त्या नरसाळ्यामागचा हिशेब मला फार नंतर वाचायला मिळाला, आणि तो वाचून मी थबकलो. खोलीचे तापमान ३५ अंश धरायचे आणि प्रोसेसरच्या पंख्यापाशी येणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, असे ते गणित होते. पस्तीस ही त्यांच्या लेखी सोसण्याची वरची पायरी. वाशिमच्या टिनपत्र्याच्या खोलीत मेमधल्या दुपारी पस्तीस अंश म्हणजे कूलर चालू असल्याची खूण. वीज गेली की त्रेचाळीस. म्हणजे ज्या हवेने यंत्र गार करायचे तीच हवा, यंत्राच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी, ठरवून दिलेली मर्यादा ओलांडून आलेली. शिवाय वाशिम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, तेवढीच उष्णता वाहून न्यायला किंचित दुबळी.

१ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या आणि नवे संगणक. त्या सुमारास कचेऱ्यांतून आणि बँकांतून 'संगणक कक्ष' नावाची एक काचेची खोली असे. चपला बाहेर काढायच्या, दार लगेच लावायचे, आत वातानुकूलन. बाहेर रांगेतली माणसे घामाने भिजत असत आणि काचेपलीकडे यंत्र गारव्यात बसलेले असे. वीस वर्षांचा असताना मला त्यात काही खटकले नव्हते. देवघरात जाताना वाटते तेवढेच वाटे. आज मात्र ती काच आणि पंख्याच्या दोरीची ती भिंत मला एकाच इमारतीतली वाटते.

काचेच्या खोलीबाहेरचे संगणक वेगळ्या नशिबाचे होते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले. मी ज्या वर्गात जात होतो तिथे टिनाच्या छपराखाली दहा संगणक होते. जुन्या नळीच्या पडद्यासकट प्रत्येकी दीडशे-दोनशे वॅट धरले तर दहांचे दीड-दोन हजार, आणि समोर बसलेल्या दहा माणसांच्या अंगाची उष्णता आणखी हजारभर वॅट. दोन-तीन शेगड्या पेटवून त्यांभोवती बसून आम्ही टंकलेखन शिकत होतो. दुपारी संगणक आपोआप बंद पडत. मग वर्गचालक कुशीचे पत्रे काढी आणि रांगेच्या टोकाला उंच पंखा लावी.

आता ती चूक नेमकी कोणती, ते पाहू. बंद पेटीत, पंखे नीट असतील तर, हवेला वाट असते : खालून पुढच्या जाळीतून आत, हार्ड डिस्कवरून, कार्डांवरून, प्रोसेसरवरून, आणि तापून हलकी झाली की वर-मागे, बाहेर. पत्रा काढला की ही वाट मोडते. मागचा पंखा समोरच्या जाळीतून हवा ओढण्याऐवजी शेजारच्या उघड्या कुशीतून ओढतो आणि पुढच्या कोपऱ्यातली हार्ड डिस्क तशीच तापत राहते. टेबलफॅनच्या वाऱ्याने प्रोसेसरला काही अंशांचा फायदा होतो, हे खरे आहे. म्हणूनच तो उपाय टिकला. पण तो पंखा ओढायच्या पंख्यासारखाच खोलीतलीच हवा हलवतो, आणि यंत्राला घाम येत नाही. कितीही वारा घातला तरी यंत्र खोलीपेक्षा गार होणे शक्य नाही. आम्ही आमच्या कातडीचा अनुभव यंत्राला लावला. कूलरचा अनुभव लावायला हवा होता.

बदलायला लागणारी हवा फार नसते, हेही सांगितले पाहिजे. घनमीटरभर हवा एक अंशाने तापवायला साधारण ११०० जूल लागतात. पेटीत दोनशे वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि बाहेर पडणारी हवा दहा अंशांनी तापलेली चालणार असेल, तर सेकंदाला अठरा लिटर हवा पुरते. एक बादलीभर हवा. तेवढे काम एक-दोन साध्या पंख्यांचे आहे. फक्त ती बादली एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने गेली पाहिजे.

आवाजाचा प्रश्नही इथेच सुटतो. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, लागणारी शक्ती मात्र आठवा हिस्सा होते, आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणून ८० मिलिमीटरचा एक पंखा किंचाळत फिरवण्यापेक्षा १२० मिलिमीटरचा, सव्वादोनपट क्षेत्रफळाचा पंखा सावकाश फिरवणे शहाणपणाचे. त्या काळच्या स्वस्त पेट्यांत ८० च्या पंख्यासाठीच भोके असत, आणि त्यांवरही पत्र्यातच कापलेली अशी दाट जाळी की निम्मी हवा तिलाच थटे. ती जाळी कापून टाकून तारेची जाळी बसवणारा एक दुरुस्तीवाला कारंज्यात होता. लोक त्याला विक्षिप्त समजत. त्याचे संगणक मात्र ओळखू येत, कारण ते ऐकू येत नसत.

धुळीचेही गणित आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, पुढे कापूस आणि जिनिंग; आमच्या हवेत नेहमी काहीतरी तरंगत असते. पेटीतून हवा बाहेर फेकणारे पंखे जास्त आणि आत घेणारे कमी असले, तर पेटी प्रत्येक फटीतून, सीडीच्या खणातून, कार्डांच्या उघड्या खाचांतून हवा ओढते, अर्थात न गाळलेली. आत घेणारे पंखे किंचित वरचढ ठेवून त्यांच्यापुढे गाळणी लावली, तर फटींतून हवा बाहेर जाते आणि धूळ दाराशीच अडते. कूलर चालू असलेल्या खोलीत दाराच्या फटीतून धूळ कमी येते ती याच कारणाने. मात्र कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये. ओलसर हवेने धुळीचा लेप होतो, आणि तो मग फुंकरीने जात नाही. माझ्या त्या पेटीतला नमदा असाच तयार झाला असावा.

आमच्या वर्गचालकाला हे कोणी शिकवले नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने एक केले. सगळी टेबले फिरवली आणि संगणकांच्या पाठी खिडक्यांकडे केल्या, खिडक्यांच्या वर दोन एक्झॉस्ट पंखे लावले, कूलर समोरच्या दारात आणला आणि पत्रे पुन्हा बसवले. दहा पेट्यांची मिळून एक पेटी झाली. दुपारचे बंद पडणे पुष्कळ कमी झाले. वर्गातल्या एका मुलीने त्याला विचारले होते की खिडक्या उघड्या ठेवून गारवा कसा राहील, तर तो म्हणाला, 'घरी कूलर लावतेस तेव्हा काय करतेस?'

भाचा आता त्याच घरात राहून संगणकावर चित्रफितींचे काम करतो. त्याच्या पेटीला पुढे १२० चे दोन पंखे, गाळणीसकट, आणि मागे वर एक. तिन्ही सातशे-आठशे फेऱ्यांवर. पेटी जमिनीवरून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर दूर. मेमध्ये मी तिथे होतो तेव्हा दिवसभर तिचा आवाज कधी आला नाही, कारण कूलरच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही. दुपारी वीज गेली. कूलर थांबला, छताचा पंखा हळूहळू थांबला, आणि बॅटरीवर चाललेल्या त्या पेटीतून बारीकशी सूं सूं ऐकू येऊ लागली. भाच्याने काम जतन केले, उठून समोरची खिडकी पूर्ण उघडली आणि मगच यंत्र बंद केले.